नवा मालक आल्यावर क्लबमध्ये आधी काय बदलायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचा काही हिस्सा विकत घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला. त्यानंतर शेकडो कर्मचारी कमी झाले, नवे संचालक आले, खेळाडूंवर पैसा ओतला गेला, तरीही २०२४-२५ च्या मोसमात संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेत, पंधराव्या क्रमांकावर घसरला. मग नवे मालक नेमकं करतात तरी काय? पगाराचा बोजा लगेच का उतरत नाही? आणि ते योग्य वाटेवर आहेत की नाहीत, हे बाहेरून बघणाऱ्या चाहत्यानं कशावरून ओळखायचं?

क्लब विकत घेतले जातात तेव्हा खरेदीदाराच्या बाजूनं हिशेब आणि खेळाडूंचे करार तपासण्याचं काम मी गेली सतरा वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सगळा खेळ क्रमाचा आहे. अंतिम शब्द कुणाचा, हे आधी ठरावं. त्यानंतर पगाराची चौकट ठरावी. खेळाडूंची खरेदी सगळ्यात शेवटी यावी. बहुतेक नवे मालक आधी कळस मग पाया अशा क्रमानं जातात, कारण खरेदीची बातमी होते आणि पहिल्या दोन गोष्टींची होत नाही.

मालकी बदलते तेव्हा मैदान, नाव आणि संघ यांच्याबरोबर जुन्या मालकानं सही केलेला प्रत्येक करार नव्या मालकाच्या गळ्यात येतो. खेळाडूचा करार हा दोन्ही बाजूंना बांधणारा असतो. त्याचा खेळ उतरला म्हणून क्लबला त्याला काढून टाकता येत नाही किंवा पगार कापता येत नाही. शिवाय हल्ली खेळाडूंची किंमत हप्त्यांनी चुकवली जाते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी आणलेल्या आणि एव्हाना बाकावर बसलेल्या खेळाडूचे हप्तेही नवा मालकच भरतो. कासेमिरोचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये तो रेआल माद्रिदहून युनायटेडमध्ये आला तेव्हा तीस वर्षांचा होता आणि करार २०२६ पर्यंतचा होता. रॅटक्लिफ यांना तो करार वारशात मिळाला. त्याबद्दल त्यांना दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या, मुदत संपण्याची वाट पाहणं किंवा तेवढा पगार देणारा दुसरा क्लब शोधणं.

आता पगाराकडे येतो, कारण घोडं इथंच पेंड खातं. चाहते खेळाडूची किंमत लक्षात ठेवतात. आम्ही एकूण खर्च बघतो. समजा एक खेळाडू ६ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला आणि त्याला आठवड्याला २ लाख पौंड पगार ठरला. वर्षाचा पगार झाला १ कोटी ४ लाख, पाच वर्षांचा ५ कोटी २० लाख. म्हणजे हा सहा कोटींचा खेळाडू नाही, अकरा कोटींच्या वरचा आहे, आणि यात एजंटचं कमिशन, बोनस, मालकानं भरायचे कर धरलेलेच नाहीत. हिशेबाच्या वहीत ६ कोटी पाच वर्षांवर विभागले जातात, दर वर्षी १ कोटी २० लाख. तीन वर्षांनी वहीतली किंमत उरते २ कोटी ४० लाख. त्या वेळी तो ३ कोटींना विकला गेला तर चाहते म्हणतात अर्धे पैसे बुडाले, पण वहीत ६० लाखांचा नफा दिसतो. दीड कोटीला विकला तर मात्र ९० लाखांचा तोटा त्याच वर्षी अंगावर येतो. म्हणूनच क्लब कधीकधी न चालणाऱ्या खेळाडूला विकत नाहीत, लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, दुसऱ्या क्लबकडे पाठवतात. अँटनीला युनायटेडनं २०२२ मध्ये सुमारे साडेनऊ कोटी युरो देऊन आणलं, २०२५ च्या जानेवारीत रेआल बेटिस या स्पॅनिश क्लबला लोनवर दिलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथंच मूळ रकमेच्या छोट्याशा भागात विकलं. वहीतली किंमत खाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ते थांबणं बाहेरून नुसती दिरंगाई वाटते.

याच गणिताची दुसरी बाजू फार क्लेशकारक आहे. अकादमीत, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रात लहानपणापासून तयार झालेल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य असते, त्यामुळे त्याला विकलं की आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून धरली जाते. २०२५-२६ पर्यंतच्या प्रीमियर लीगच्या नफा आणि शाश्वतता नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा मान्य होता, आणि त्या मर्यादेत राहण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घरचं पोर विकणं. जून २०२४ च्या अखेरीस न्यूकॅसलनं एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला असंच दिलं. आठव्या वर्षापासून क्लबमध्ये वाढलेला हा मुलगा. क्लबचा मुख्य मालक सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, म्हणजे पैशाला तोटा नाही, तरीही नियमाच्या कात्रीत सापडल्यावर अँडरसनला जावं लागलं. युनायटेडनं त्याच उन्हाळ्यात स्कॉट मॅकटॉमिनेला नापोलीला दिलं आणि तो पहिल्याच मोसमात इटलीचा विजेता झाला. मला व्यक्तिशः हा नियमातला दोष वाटतो. ज्या गोष्टीला प्रोत्साहन मिळायला हवं तीच विकायला तो भाग पाडतो.

चेल्सीच्या नव्या मालकांनी या वहीच्या गणितातूनच पळवाट काढली होती. मे २०२२ मध्ये अमेरिकी उद्योगपती टॉड बोली आणि क्लियरलेक ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटानं २५० कोटी पौंडांना क्लब घेतला आणि पुढं १७५ कोटी गुंतवायचं वचन दिलं. त्यानंतर त्यांनी खेळाडूंना सात-आठ वर्षांचे करार द्यायला सुरुवात केली. एन्झो फर्नांडिसची किंमत होती १०.६८ कोटी पौंड आणि करार साडेआठ वर्षांचा. पाच वर्षांवर विभागली तर वर्षाला २ कोटी १४ लाखांच्या आसपास, साडेआठवर विभागली तर १ कोटी २६ लाखांच्या आसपास. फरक केवढा पडतो बघा. २०२३ मध्ये आधी युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेनं आणि वर्षाच्या शेवटी प्रीमियर लीगनंही ही विभागणी पाच वर्षांपर्यंत मर्यादित केली. करार लांब असला तरी चालेल, हिशेब पाचच वर्षांचा.

लांब कराराची खरी जोखीम मात्र विभागणीत नाहीच, ती पगारात आहे. खेळाडू चालला तर तो आठ वर्षं स्वस्तात बांधलेला राहतो. नाही चालला तर त्याला घेणारा कुणी मिळत नाही. चेल्सीनं हे ओळखून तरुण खेळाडूंचे मूळ पगार तुलनेनं कमी ठेवले आणि यशावर बोनस ठेवला. मूळ पगार कमी असला की चुकलेला खेळाडूही विकता येतो. गेल्या काही वर्षांत एवढ्या खेळाडूंची ये-जा करूनही हा क्लब बुडाला नाही, याचं श्रेय मी खरेदीच्या नजरेपेक्षा या पगाराच्या रचनेला देईन. पण खेळाडूंचा गोदामासारखा साठा करणं मला पटलेलं नाही. तीस-चाळीस माणसांना आपण इथं का आहोत हे कळेनासं होतं, आणि प्रशिक्षकाचा अर्धा दिवस नाराज लोकांची समजूत काढण्यात जातो.

चुकीच्या पगारानं काय होतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण अलेक्सिस सांचेझ. जानेवारी २०१८ मध्ये तो आर्सेनलहून युनायटेडमध्ये आला. बदल्यात युनायटेडचा मखितारियान तिकडं गेला, त्यामुळे खेळाडूची किंमत म्हणून रोख काहीच मोजावं लागलं नाही आणि सौदा स्वस्त वाटला. पगार मात्र क्लबमधल्या सगळ्यांच्या वर गेला. ४५ सामन्यांत त्यानं ५ गोल केले. त्याचे गोल हा नुकसानीचा लहान भाग होता. त्यानंतर करार वाढवायला बसलेला प्रत्येक एजंट त्याचा आकडा समोर ठेवू लागला. ड्रेसिंग रूममध्ये कुणाला किती मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथं काही लपत नाही. एक आकडा वर गेला की त्याखालची सगळी शिडी वर सरकते, आणि ती खाली आणायला चार-पाच वर्षं लागतात.

जेडन सँचोच्या बाबतीत हेच उलट्या बाजूनं दिसलं. चेल्सीनं त्याला २०२४-२५ साठी लोनवर घेतलं तेव्हा मोसमाअखेर विकत घ्यायची अट होती. शेवटी त्याच्याशी पगाराचं जमलं नाही आणि चेल्सीनं ५० लाख पौंड दंड भरून त्याला परत पाठवलं. क्लबला दंड परवडला, पगार परवडला नाही. हे वाक्य नव्या मालकांनी बैठकीच्या खोलीत लिहून लावावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आता तुमच्या प्रश्नातल्या कर्मचारी कपातीबद्दल. युनायटेडनं २०२४ मध्ये सुमारे २५० पदं कमी केली आणि २०२५ मध्ये आणखी १५० ते २०० पदं जातील असं जाहीर केलं. माजी मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन यांचं मानधनही थांबवलं. एक साधा हिशेब मांडतो. सरासरी पगार वर्षाला ४० हजार पौंड धरा. २५० माणसांचे झाले १ कोटी पौंड. वर ज्या काल्पनिक खेळाडूचं उदाहरण घेतलं, त्याच्या एकट्याच्या वर्षाच्या पगाराएवढे. चुकीचा एक खेळाडू न घेता ही सगळी माणसं राहू शकली असती. क्लब फुगला होता आणि काही कपात होणारच होती, हे मला मान्य आहे. पण तिकीट खिडकीवरची बाई आणि साहित्य सांभाळणारा माणूस यांच्यामुळे क्लब तोट्यात गेलेला नसतो. क्लबचा एकूण पगारखर्च २०२३-२४ मधल्या सुमारे ३६.५ कोटींवरून २०२४-२५ मध्ये सुमारे ३१.३ कोटींवर आला, त्यातला मोठा भाग संघ चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत, नसल्यामुळे कमी झाला. खेळाडूंच्या करारांत तशी कलमं असतात. म्हणजे पगार उतरला तो बराचसा अपयशामुळे. त्या स्पर्धेत परत जाताच तो पुन्हा वर जाईल, हे ताळेबंद वाचताना विसरू नका.

मी सगळ्यात आधी ठेवलेली गोष्ट म्हणजे अंतिम शब्द कुणाचा. इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मॅनेजर हाच क्लबचा कर्ता होता. आज त्याच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी, क्रीडा संचालक, तांत्रिक संचालक, खेळाडू निवडीचा प्रमुख अशी उतरंड असते आणि मॅनेजरला हेड कोच म्हणतात. उतरंड वाईट नाही. वाईट असतं ते एका म्यानात दोन तलवारी ठेवणं. युनायटेडचं २०२४ हे वर्ष तारखांनिशी बघा. एप्रिलमध्ये जेसन विल्कॉक्स तांत्रिक संचालक म्हणून आले. मे महिन्यात प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी एफए कप ही इंग्लंडची स्पर्धा जिंकली. क्लबनं दुसरे प्रशिक्षक चाचपून पाहिले आणि जुलैमध्ये टेन हाग यांचाच करार वाढवला. त्याच जुलैमध्ये ओमर बेराडा मुख्य कार्यकारी अधिकारी आणि डॅन अॅशवर्थ क्रीडा संचालक म्हणून रुजू झाले. उन्हाळ्यात डी लिख्त, मझराउई, झिर्कझी, योरो, उगार्ते हे पाच खेळाडू आले, त्यांतले पहिले दोघे टेन हाग यांच्या हाताखाली आयॅक्स या डच क्लबमध्ये खेळलेले. २८ ऑक्टोबरला टेन हाग गेले. त्यांच्या जागी रुबेन अमोरिम आले, ते तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) आणि विंग बॅक (कडेनं बचाव आणि चढाई दोन्ही करणारे खेळाडू) घेऊन खेळणारे. डिसेंबरमध्ये अॅशवर्थही गेले, पाच महिन्यांत. टेन हाग, त्यांचे सहकारी आणि अॅशवर्थ यांना हटवण्याचा खर्च १ कोटी ४५ लाख पौंड.

तो खर्च गेला तर गेला. त्याहून महाग पडला तो उन्हाळा. ज्या प्रशिक्षकावर वरच्या माणसांचा पूर्ण विश्वास नव्हता त्याच्या पद्धतीसाठी संघ घेतला, आणि चार महिन्यांत दुसऱ्या पद्धतीचा माणूस आणला. विंग बॅक नसलेल्या संघाला विंग बॅकचा खेळ खेळायला लावलं तर पंधरावा क्रमांक येतो, यात मला नवल वाटलं नाही. चेल्सीनंही २०२२ मध्ये हेच केलं होतं. जुन्या कारभारातले मरिना ग्रानोव्स्काया, पेत्र चेक गेल्यावर बोली स्वतःच हंगामी क्रीडा संचालक झाले. प्रशिक्षक टुखेल यांच्या ओळखीचा खेळाडू ऑबामेयांग १ सप्टेंबरला घेतला आणि ७ सप्टेंबरला टुखेल यांना काढलं. कायमचे क्रीडा संचालक त्यानंतर आले. वरातीमागून घोडं. तो मोसम चेल्सीनं बाराव्या क्रमांकावर संपवला.

असल्या गोंधळाचा एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. एका मध्यम क्लबच्या खरेदीत आम्ही सगळे करार तपासले होते. एका वयस्क बचावपटूच्या करारात कलम होतं, मोसमात २५ सामने खेळला तर करार आपोआप एका वर्षानं वाढेल, त्याच पगारावर. आमच्या अहवालात ते होतं. नव्या अधिकाऱ्यांनी वाचलंही होतं. पण क्रीडा संचालकाची जागा रिकामी होती, आणि प्रशिक्षकाला ही गोष्ट सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. मोसम संपत आला, संघाला पाचवा क्रमांक मिळो की सातवा, काही फरक पडणार नव्हता, आणि प्रशिक्षकानं निरोप म्हणून त्या खेळाडूला पंचविसावा सामना दिला. त्या एका दुपारची किंमत वर्षभराचा पगार होती. दोन तरुण खेळाडूंना पुढच्या वर्षी त्याच कारणानं जागा मिळाली नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून अशा कलमांचा एक स्वतंत्र कागद मी बनवतो आणि तो कुणाच्या हातात द्यायचा त्या माणसाचं नाव विचारल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानत नाही. नाव सांगता आलं नाही, तर तो क्लब अजून खेळाडू घ्यायला तयार नाही असं मी समजतो.

क्रम जमायला किती वेळ लागतो हे लिव्हरपूलमध्ये दिसतं. अमेरिकेच्या फेनवे गटानं ऑक्टोबर २०१० मध्ये ३० कोटी पौंडांना क्लब घेतला. पहिल्याच जानेवारीत टोरेस ५ कोटींना विकून सुआरेझ आणि ३.५ कोटींचा अँडी कॅरोल आणला. सुआरेझ लागला, कॅरोल नाही. फुटबॉल संचालक डेमियन कोमोली एप्रिल २०१२ मध्ये गेले. मग खेळाडू निवडीसाठी समिती आली आणि प्रशिक्षकाशी तिची ओढाताण झाली. प्रशिक्षक क्लॉप आले ऑक्टोबर २०१५ मध्ये, मायकेल एडवर्ड्स क्रीडा संचालक झाले २०१६ मध्ये. म्हणजे घडी बसायला सहा वर्षं लागली. त्यानंतर मात्र जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्यो १४ कोटींच्या आसपास विकला गेला, त्याच महिन्यात ७.५ कोटींचा व्हॅन डाइक आणि उन्हाळ्यात अॅलिसन आला. २०१९ ला चॅम्पियन्स लीग, २०२० ला लीग. विकायचा कोण आणि त्या पैशात नेमकी कुठली जागा भरायची, हे विक्रीच्या आधीच ठरलेलं होतं.

बसलेली घडी मोडता येते हेही लक्षात ठेवा. इटलीच्या एसी मिलानमध्ये इलियट या गुंतवणूक कंपनीच्या मालकीच्या काळात पगाराची शिस्त इतकी होती की डोनारुम्मा, चाल्हानोग्लू, केसिए यांना फुकट जाऊ दिलं पण आकडा वाढवला नाही, आणि २०२२ मध्ये लीग जिंकली. मग रेडबर्ड या दुसऱ्या कंपनीनं क्लब घेतला, जून २०२३ मध्ये तांत्रिक संचालक पाओलो माल्दिनी यांना काढलं, त्यांच्या जागी तसा एक माणूस नेमला नाही. २०२४-२५ ला संघ आठवा आला आणि मग पुन्हा क्रीडा संचालक शोधावा लागला. उंटावरून शेळ्या हाकायला गेलं की असं होतं.

न्यूकॅसलला क्रम पाळायला सवडच नव्हती. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लब विकला गेला तेव्हा संघ तळाजवळ होता, आणि त्या मोसमाच्या पहिल्या चौदा लीग सामन्यांत त्याला एकही विजय मिळाला नाही. तिथं आधी प्रशिक्षक एडी हाव, मग जानेवारीत ट्रिपिअर, बर्न, गिमारायश असे लगेच उपयोगी पडणारे खेळाडू, आणि क्रीडा संचालक नंतर. बुडणाऱ्या जहाजावर हे क्षम्य आहे. पण तेव्हाही त्यांनी पगाराचा आकडा हाताबाहेर जाऊ दिला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकताना त्या पहिल्या जानेवारीतले तिघेही मैदानात होते.

तर तुम्ही काय बघायचं? खरेदीच्या बेरजा बाजूला ठेवा. करार संपायला एकच वर्ष उरलेले किती महत्त्वाचे खेळाडू आहेत ते मोजा. तो आकडा दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर कुणीतरी जागं आहे. तिशीपुढच्या खेळाडूंना तीन-चार वर्षांचे नवे करार मिळतायत का ते बघा. लोनवर दिलेल्या खेळाडूंची संख्या दोन वर्षांत घटली का ते बघा. प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूंच्या यादीत किती उलथापालथ करावी लागली, हे तर सगळ्यात बोलकं. दोन-तीन जागांवर भागलं तर वर कुणाच्या तरी डोक्यात एक पद्धत आहे. सात-आठ बदलावे लागले तर नाही. युनायटेडच्या बाबतीत २०२५ च्या उन्हाळ्यात एक गोष्ट मला बरी वाटली. नव्यानं घेतलेले कुन्या आणि म्बेउमो हे दोघेही प्रीमियर लीगमध्ये आधीच सिद्ध झालेले, पंचविशीच्या आसपासचे. हा एक उन्हाळा झाला. मत बनवायला मी आणखी दोन उन्हाळे घेईन, कारण जुन्या करारांचं ओझं तेवढ्या काळात बरंचसं उतरतं.

२०२६-२७ पासून प्रीमियर लीगमध्ये संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा नियम आहे, आणि युरोपात खेळणाऱ्या क्लबांना युएफाची ७० टक्क्यांची मर्यादा आहेच. त्यामुळे पगाराचा आकडा आता आणखी उघडपणे बोलेल. जूनच्या शेवटच्या दोन आठवड्यांवर नजर ठेवा. बहुतेक क्लबांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. तुमचा क्लब त्या दिवसांत घाईघाईनं अकादमीतला मुलगा विकत असेल, तर आधीच्या तीन वर्षांत पगाराचा हिशेब कुणीतरी चुकवलेला आहे, आणि कुणी चुकवला ते शोधायला त्या काळात क्लबतर्फे सही करण्याचा अधिकार कुणाला होता ती यादी आणि करारांच्या तारखा पुरतात.